एडिटरमध्ये मराठी नीट दिसावं म्हणून फॉन्ट, रंग वगैरे काय काय बदलता? (उकार कापले जातायत, मदत हवी)

कानामात्रा
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आता अडलंय म्हणून धागा काढतेय. मी ॲपच्या मराठी भाषांतराचं काम करते, म्हणजे जेसन फाईल उघडायची, डावीकडे इंग्रजी की असते आणि उजवीकडे अवतरणात मराठी वाक्य लिहायचं, दिवसभर हेच. विंडोजवर व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) वापरते. तर त्रास असे की, एकतर इंग्रजी अक्षरं टपोरी आणि मराठी मुंगीएवढी दिसतात, फॉन्ट साईज वाढवली की दोन्ही वाढतात, फरक तोच. दुसरं म्हणजे उकार खालून कापले जातात, 'तू' आणि 'त' सारखंच दिसतं कधीकधी, आणि रफारावर अनुस्वार आला की तो वरच्या वर गायब. तिसरं, 'दुसऱ्या', 'सुऱ्या' असल्या शब्दांभोवती पिवळी चौकट येते, पण सगळीकडे नाही, काही 'दुसऱ्या' ना येते काहींना नाही, हे काय गौडबंगाल आहे? आणि चौथं, काळी थीम आहे, दुपारनंतर डोळ्यातून पाणी येतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (पांढरा नको, मंद टाका.)

टॅबवाला
सोप्पंय. कंट्रोल + के, मग कंट्रोल + टी. थीमची यादी येते, बाणाने खालीवर करा, लगेच रंग बदलून दिसतात. मी गेल्या वर्षात बावीस थीम टाकल्यात, सोमवारी ड्रॅक्युला, मंगळवारी नॉर्ड, शुक्रवारी मूड असेल ते. काम तेवढंच होतं पण छान वाटतं.

अर्धचंद्र
टॅबवाला, ताईंचा उकार कापला जातोय आणि तुम्ही त्यांना साड्यांचं दुकान दाखवताय.

टॅबवाला
चौथा प्रश्न रंगाचाच होता की. बाकीचे तीन तुम्ही सोडवा.

अर्धचंद्र
बरं सोडवतो, बसा.

ताई, पहिले दोन प्रश्न एकाच ठिकाणचे आहेत. व्हीएस कोड आतून क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर) चालतो, म्हणजे वेबपानाला फॉन्ट जसे लागतात तसेच इथे. विंडोजवर डीफॉल्ट फॉन्ट कन्सोलास. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. मग मराठी अक्षर आलं की तो सिस्टिमकडे हात पसरतो आणि विंडोज त्याच्या हातावर निर्मला यूआय ठेवतं (विंडोज ८ पासून हाच, त्याआधी मंगल असायचा. मंगल आपल्या र. कृ. जोशींनी केलेला, आपण सगळे त्याला नावं ठेवत मोठे झालो पण युनिकोड मराठी पहिल्यांदा पडद्यावर बघितली ती बऱ्याच जणांनी त्याच्यातच). म्हणजे तुमच्या एकाच ओळीत दोन वेगळ्या घरचे फॉन्ट नांदतायत, त्यांची मापं जुळतील कशी.

तर हा पाहुणा फॉन्ट आपण ठरवायचा. कंट्रोल + स्वल्पविराम दाबून सेटिंग उघडा, 'फॉन्ट फॅमिली' शोधा. तिथे फॉन्टची नावं स्वल्पविराम देऊन ओळीने लिहिता येतात. आधी इंग्रजीचा समरुंद (सगळी अक्षरं एकाच रुंदीची असलेला) फॉन्ट लिहा, कन्सोलास किंवा जेटब्रेन्स मोनो किंवा काय आवडेल ते, आणि त्याच्या मागे मराठीचा. हा क्रम उलटा करू नका. मी उलटा केला होता. मराठी फॉन्टात बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरंही असतात, तो पुढे उभा राहिला की इंग्रजीपण तोच दाखवतो आणि कोडची सगळी रांग वाकडी होते, महिनाभर मला कळत नव्हतं की कंस एकाखाली एक का येत नाहीत. नावात मोकळी जागा असेल तर नाव एकेरी अवतरणात. फॉन्ट नवीन टाकला असेल तर एडिटर एकदा बंद करून उघडा.

मराठीसाठी कुठला घ्यायचा? मुंबईच्या एक टाईपचा 'मुक्त' घ्या, फुकट आहे, गूगल फॉन्ट्सवर मिळतो, लहान मापातही अक्षराचं पोट भरत नाही आणि सात जाडी आहेत त्यात. 'नोटो सान्स देवनागरी'पण चालेल.

आता उकार. 'लाईन हाईट' नावाचं सेटिंग बघा. तिथे शून्य असेल तर एडिटर फॉन्ट साईजवरून स्वतःच ठरवतो, पण मला शंका आहे की तुम्ही तिथे काहीतरी आकडा घातलाय.

कानामात्रा
अय्या हो! १८ घातलंय. कुठल्यातरी इंग्रजी लेखात वाचलं होतं की ओळी जवळ घेतल्या की स्क्रीनवर जास्त कोड मावतो.

अर्धचंद्र
त्या लेखकाच्या भाषेत रफारावर अनुस्वार येत नाही. आपल्या अक्षराला तीन मजले असतात, वर वेलांटी-मात्रा-रफार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि ऋकार, आणि 'ष्ट्रू' सारखं काही आलं तर तळघर पण. इंग्रजीच्या हिशेबाने आखलेल्या ओळीत ते मावत नाही आणि एडिटर ओळीच्या बाहेरचं कापून टाकतो. तिथे १.७ लिहा. आठपेक्षा लहान आकडा दिला तर तो फॉन्ट साईजला गुणतो, आठ किंवा वरचा दिला तर तेवढे पिक्सेल धरतो. गुणिले वालं बरं, पुढे फॉन्ट मोठा केलात तर ओळही आपोआप वाढते.

पेठकर
वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

कंसमामा
ईमॅक्स एडिटरमध्ये हा प्रश्नच येत नाही.

टॅबवाला
आले. मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

कंसमामा
हसा. अर्धचंद्र यांनी फॉन्ट बदलायला सांगितला पण माप जुळवायचा मूळ प्रश्न तसाच राहिला, कारण व्हीएस कोडमध्ये मराठी फॉन्टच तेवढा सव्वापट मोठा कर असं सांगायची सोयच नाही, नशिबाने जुळला तर जुळला. ईमॅक्समध्ये 'सेट-फॉन्टसेट-फॉन्ट' ने देवनागरी लिपीला वेगळा फॉन्ट नेमून देता येतो आणि 'फेस-फॉन्ट-रीस्केल-अलिस्ट' मध्ये त्याच फॉन्टाला १.२ ने गुण असं लिहिता येतं. दोन ओळी. मराठी आणि इंग्रजी खांद्याला खांदा लावून उभे राहतात. आवृत्ती २७ पासून (२०२०) अक्षरं जुळवायला हार्फबझ आहे त्यामुळे जोडाक्षरं पण व्यवस्थित. आणि रंगांसाठी २८ पासून 'मोडस' थीम आतच मिळतात, त्यात मजकूर आणि मागचा रंग यातला कॉन्ट्रास्ट किमान ७ : १ राहील असं बघून बनवल्यात. डोळ्यातून पाणी येणाऱ्यांनी विचार करावा.

कानामात्रा
मामा, माझं काम परवा द्यायचंय. ईमॅक्स शिकायला किती दिवस लागतील?

कंसमामा
चौदा वर्षं झाली, शिकतोय अजून.

निवृत्त नाना
नमस्कार. मी तुम्हा लोकांएवढा जाणकार नाही, वय ६९. आमच्या सोसायटीचे हिशेब आणि गावच्या देवस्थानचा इतिहास नोटपॅड प्लस प्लस मध्ये लिहितो, वर्ड उघडायला फार वेळ लावतं. गेल्या दिवाळीनंतर डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या डोळ्याला पांढरं सगळं निळसर आणि लख्ख दिसतं आणि उजव्याला तेच पांढरं जुन्या पोथीसारखं. डॉक्टर म्हणाले भिंग पिवळं पडलेलं होतं ते काढलं, हा खरा रंग आहे. खरा असेल पण पांढरी पाटी सहन होत नाही. आणि काळी केली तर कर्सर कुठे आहे तेच सापडत नाही. उपाय असल्यास सोप्या भाषेत सांगावा.

मास्तर सांगलीचे
नाना, नमस्कार. सेटिंग्ज मेनूत 'स्टाईल कॉन्फिगरेटर' आहे, ते उघडा. वरच 'सिलेक्ट थीम' दिसेल, त्यात सोलराईज्ड लाईट निवडून बघा, मागचा रंग साईच्या दह्यासारखा होतो. फक्त त्यातली अक्षरं जरा फिकी आहेत, म्हणून डावीकडच्या यादीत 'ग्लोबल स्टाईल्स' मध्ये 'डीफॉल्ट स्टाईल' वर जा आणि 'फोरग्राउंड' च्या चौकोनावर क्लिक करून गडद काळपट तपकिरी निवडा. फॉन्टचं नाव आणि साईज पण तिथेच बदलते. कर्सरसाठी 'प्रेफरन्सेस' मधे एडिटिंगच्या पानावर 'कॅरेट सेटिंग्ज' आहेत, रुंदी ३ करा आणि उघडझाप हळू करा. आणि पुन्हा स्टाईल कॉन्फिगरेटरमध्ये 'कॅरेट कलर' आहे त्याला लाल द्या. झालं. अडलं तर इथेच लिहा.

अर्धचंद्र
मास्तर म्हणतात ते खरं आहे, सोलराईज्ड दिसायला सुरेख पण फिकी. २०११ सालची थीम, मुद्दामच कमी कॉन्ट्रास्टची केलेली. तिच्या लाईटमधली साधी अक्षरं आणि मागचा साईरंग यांचं गुणोत्तर काढलं तर ४.१ च्या आसपास येतं, आणि वेबवर साध्या मजकुराला किमान ४.५ असावं असा दंडक आहे. पंचविशीत चालतं. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर त्या थीममुळे वाढला असं वाटायला लागतं.

मास्तर सांगलीचे
आता माझं. मी इंजिनिअरिंगला प्रॅक्टिकल घेतो, प्रोजेक्टर जुना, पडदे अर्धेच लागतात, त्यामुळे काळी थीम म्हणजे भिंतीवर नुसतं धुकं. पोरं म्हणतात सर डार्क मोड लावा, कूल दिसतं. लावला एकदा, मागच्या बाकावरून आवाज आला 'सर कोड कुठाय?'. तेव्हापासून व्हीएस कोडमधे 'प्रोफाईल' करून ठेवलीय, खाली डावीकडच्या चाकावर क्लिक केलं की मिळतं. 'घर' आणि 'वर्ग' अशा दोन. वर्गाच्या प्रोफाईलमध्ये पांढरी थीम, फॉन्ट २४, उजवीकडचा मिनीमॅप बंद, साईडबार बंद. वर्गात शिरताना एक क्लिक. कमांड पॅलेटमध्ये 'स्क्रीनकास्ट मोड' शोधा, तोपण शिकवणाऱ्यांना कामाचा, कुठली बटणं दाबली ते मोठ्या अक्षरात खाली उमटतं, 'सर आत्ता काय दाबलं' हे विचारणं निम्म्याने कमी झालं.

अवांतर: लिगॅचरवाले (चिन्हं जोडून दाखवणारे) फॉन्ट वर्गात लावू नका. फिरा कोड लावला होता, त्यात उद्गारचिन्ह आणि बरोबरची चिन्हं जोडून एकच काट मारलेलं चिन्ह दिसतं, पोरांनी वहीत तेच उतरवून घेतलं आणि कीबोर्डवर ते बटण शोधत बसली.

पेठकर
लिगॅचर म्हणजे जोडाक्षरच की. त्यांना त्याचं आत्ता कौतुक, आम्ही पहिलीपासून लिहितोय.

रात्रपाळी
रंगाचा माझा एकमेव उपयोग सांगतो, तो सौंदर्याचा नाही पोटापाण्याचा आहे. दोन खिडक्या उघड्या असायच्या, एक टेस्टची एक लाईव्हची, दोन्ही सारख्याच काळ्या. रात्री अडीच वाजता टेस्ट समजून लाईव्हच्या कॉन्फिगमध्ये बदल करून सेव्ह केला आणि जेवणाचा डबा उघडला. पुढचं सांगत नाही, डबा सकाळी सहाला खाल्ला. तेव्हापासून लाईव्हच्या फोल्डरमधे 'वर्कबेंच कलर कस्टमायझेशन्स' लिहून टायटल बार आणि खालची स्टेटस पट्टी रक्तासारखी लाल. हे सेटिंग युजरमध्ये नाही, वर्कस्पेसमध्ये लिहायचं, म्हणजे तेवढं फोल्डर उघडलं की तेवढीच खिडकी लाल. थीम कुठलीही असू दे.

लालहिरवा
रात्रपाळी, कल्पना मस्त पण टीममध्ये माझ्यासारखा असेल तर त्याला विचारून घ्या. मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. तुमची लाल पट्टी मला मातकट दिसेल आणि टेस्टची हिरवी केलीत तर ती पण मातकट. मी माझ्याकडे निळी आणि पिवळी केलीय. सगळ्यात वैताग डिफ (फाईलच्या जुन्या-नव्या प्रतीतला फरक) बघताना, काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी, मला दोन्ही चहाच्या डागासारख्या. नोकरीला लागल्यावर पहिलं वर्ष मी नुसती बेरीज-वजाबाकीची खूण बघून काम केलं, कोणाला सांगितलं नाही, लाज वाटायची. मग कळलं की 'डिफ एडिटर इन्सर्टेड टेक्स्ट बॅकग्राउंड' आणि 'रिमूव्ह्ड टेक्स्ट बॅकग्राउंड' हे दोन रंग आपल्याला हवे ते देता येतात. घातलेलं निळं, काढलेलं नारिंगी. दहा मिनिटांचं काम. गिटहबच्या थीमच्या पॅकमध्ये तर कलरब्लाइंड नावाने तयारच थीम मिळतात.

रात्रपाळी
हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या टीममध्ये विचारतो. धन्यवाद रे.

कानामात्रा
मुक्त टाकला, लाईन हाईट १.७. उकार आले परत! खूप दिवसांनी माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं. माप अजून एक बोटभर कमी वाटतं पण चालेल. दोन नवीन शंका, टिप्पण्या म्हणजे कॉमेंट्स तिरक्या दिसतात आणि मराठी तिरकी फार वाईट दिसते, पडायला आलेल्या भिंतीसारखी. आणि ती पिवळी चौकट राहिलीच.

अर्धचंद्र
तिरकं अक्षर थीममधून येतं. मुक्तमध्ये तिरका प्रकारच नाही, मग एडिटर सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतो, म्हणून भिंत पडते. 'टोकन कलर कस्टमायझेशन्स' मध्ये कॉमेंटच्या नियमाला फॉन्टस्टाईल रिकामी द्या, नुसती दोन अवतरणचिन्हं. रंग हवा तर राहू द्या, तिरकेपणा जातो.

पिवळ्या चौकटीचं मला नक्की माहीत आहे पण त्यावर 'बंद करा' असं कोणी सांगायच्या आत लिहितो.

टॅबवाला
युनिकोड हायलाईट, इन्व्हिजिबल कॅरेक्टर्स, टिक काढा. झालं बंद.

अर्धचंद्र
झालंच.

ताई, थांबा, बंद करू नका. ती चौकट न दिसणाऱ्या अक्षरासाठी येते. 'दुसऱ्या' मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो. एक, नुक्तावाला ऱ, त्याला हलन्त, मग य. दुसरी तऱ्हा, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, मग य. हा जोडक डोळ्यांना दिसत नाही, पडद्यावर दोन्ही 'दुसऱ्या' जुळ्या भावासारखे दिसतात, पण फाईलमध्ये वेगळे असतात. तुमची टायपिंगची पद्धत एक आणि आधीच्या भाषांतरकाराची दुसरी असणार. म्हणून काहींना चौकट, काहींना नाही.

हे एवढ्यावर थांबत नाही. एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला शब्द सापडत नाही. उद्या क्लायंट म्हणाला 'दुसऱ्या' च्या जागी सगळीकडे 'इतर' करा, तर तुम्ही बदला म्हणाल आणि निम्मे राहतील.

कानामात्रा
देवा. हे झालंय. अगदी हेच झालंय मागच्या महिन्यात, 'करणाऱ्या' बदलताना, आणि मी म्हटलं माझीच नजर चुकली असेल. मग आता तो जोडक शोधून सगळीकडून उडवून टाकू का?

कंसमामा
नाही!!! उडवलात तर र् आणि य चिकटून रफार होतो, 'दुसर्या'. जालावर निम्मी मराठी अशीच दिसते ती याच पापामुळे. जोडक काढायचा पण त्याच वेळी साध्या र चा ऱ करायचा. शोधा खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनचं बटण (ठिपका आणि चांदणी) चालू करून र, हलन्त आणि जोडकाचा क्रमांक २००डी, त्याच्या आधी बॅकस्लॅश आणि यू. बदला मध्ये ऱ आणि हलन्त. बदलायच्या आधी फाईलची प्रत ठेवा. आणि हे मी व्हीएस कोडवाल्यांना सांगतोय, काय दिवस आलेत.

पेठकर
मामा व्हीएस कोड वापरतात. मामा व्हीएस कोड वापरतात.

कंसमामा
ऑफिसात सक्तीचा आहे. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो पण राहू दे.

अर्धचंद्र
मामांशी सहमत. अजून एक, 'ॲप' मधला ॲ पण दोन तऱ्हांनी येतो, एकसंध ॲ किंवा अ वर वेगळा चंद्र. याला पिवळी चौकट येत नाही, त्यामुळे हे आपलं आपण लक्षात ठेवायचं. आणि कधी आख्खी फाईलच पिवळ्या चौकटींनी भरलेली दिसली तर घाबरू नका, फोल्डर उघडताना 'विश्वास आहे का' विचारतो तिथे नाही म्हटलेलं असतं. अविश्वासू फोल्डरमध्ये इंग्रजी सोडून सगळंच त्याला संशयास्पद वाटतं.

खडूस
एवढं सगळं मराठीसाठी करताय तर ल आणि श चं पण बघा. २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलाय. काही फॉन्टात दोन्ही रूपं असतात पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी रूप उमटत नाही. वेबपानाला ते सांगता येतं. जेसन फाईलला कोण सांगणार? म्हणून मी टिरो देवनागरी मराठी लावतो, त्यात मराठी वळणंच आधी येतात. पुस्तकी ठसा आहे, कोडमध्ये जरा सोवळ्यात बसल्यासारखा दिसतो, पण डोळ्याला सवय झाली.

टॅबवाला
आणि टर्मिनलचं काय? खालच्या टर्मिनलमध्ये मराठी अक्षरांचा चिवडा होतो.

अर्धचंद्र
होणारच. टर्मिनल म्हणजे गणिताची वही, एका घरात एक अक्षर. 'क्षि' ला किती घरं द्यायची हे त्याला ठरवता येत नाही. फॉन्ट बदलून थोडं बरं दिसेल, पूर्ण नीट होणार नाही. लिनक्सवर असाल तर 'कॉन्सोल' (Konsole) नावाचं टर्मिनल त्यातल्या त्यात बरं. मी टर्मिनलमध्ये मराठी वाचणं सोडून दिलंय.

कानामात्रा
अपडेट देते. आधीच्या फायलींमध्ये जोडकवाले ३१२ निघाले, सगळे बदलले, पिवळी चौकट चालूच ठेवलीय, आता ती दिसली की कळतं बाहेरून काहीतरी पेस्ट झालंय. टिरो लावून बघितला, छान आहे पण लहान मापात बारीक रेघा पुसट होतात, मुक्तवर परत आले. थीम दिवसा पांढरी आणि संध्याकाळी काळी ठेवलीय, विंडोजचा मोड बदलला की एडिटरपण बदलेल असं सेटिंग आहे ('ऑटो डिटेक्ट कलर स्कीम'), ते चालू केलंय. डोळ्यातलं पाणी कमी झालंय, पण ते थीममुळे की काल खिडकीला पडदा लावला म्हणून, सांगता येत नाही.

निवृत्त नाना
मास्तर, आपण सांगितल्याप्रमाणे केले. साईचा रंग आला, लाल जाड कर्सर आला, अक्षरे स्पष्ट दिसतात, दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखे दिसते. फार आभार. फक्त सौ. सकाळी येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, स्क्रीन पिवळी पडलेली दिसते, दुरुस्तीला टाकायची का.